खर्चाची बाजू लिहिणारी पुस्तकं

दहावी-बारावीचे निकाल लागले की कोकणातल्या वाचनालयांत एक जुना वाद नव्याने रंगतो. यंदाच्या खरेदीत काय घ्यायचं? तरुण सभासदांना व्यक्तिमत्त्व विकासाची पुस्तकं हवी असतात: सवयी कशा लावाव्यात, आत्मविश्वास कसा वाढवावा, पैसा कसा राखावा. जुने सभासद नाक मुरडतात. ही कसली पुस्तकं, इंग्रजीवरून उतरवलेला उपदेश नुसता, त्यापेक्षा चार बऱ्या कादंबऱ्या घ्या. कार्यकारिणी दोघांचंही मन राखते, अर्धे पैसे इकडे, अर्धे तिकडे, आणि वाद पुढच्या वर्षावर जातो. माझ्या मते दोन्ही बाजू नको त्या प्रश्नावर भांडताहेत. पुस्तक कुठल्या प्रकारातलं आहे यावरून फारसं काही ठरत नाही. बॅग भरून मुंबईला निघालेला मुलगा, लग्न होऊन परक्या घरात गेलेली मुलगी, नवरा गेलेली बाई, निवृत्त होऊन गावी परतलेला चाकरमानी, यांच्या हाती जे पुस्तक द्यायचं त्याला एकच कसोटी लावावी. या बदलाला काय खर्च आला आणि तो कुणी सोसला, हे त्यात लिहिलंय का? लिहिलं असेल तर ते घ्यावं, मग ते कुठल्याही कपाटातलं असो.

हा प्रश्न इथे चैनीचा नाही. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या २००१ पेक्षा कमी भरली. रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे अकराशेहून जास्त बायका होत्या. पुरुष कुठे गेले होते ते सांगायला नको. इथल्या आयुष्यात घर सोडणं आणि घरी परतणं या दोन घटना जवळजवळ ठरलेल्याच असतात, मधली तीस-पस्तीस वर्षं चाळीत किंवा विरार-डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये. कधी परतीचा मुहूर्त स्वतःच्या हातात नसतो. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला, त्यात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. त्यांतले कितीतरी आपापल्या वाडीत परत आले, ते निवृत्त म्हणून नव्हे, काम गेलेला माणूस म्हणून. ज्या घरात वर्षानुवर्षं मनीऑर्डर यायची त्या घरात मनीऑर्डर पाठवणाराच पडवीत येऊन बसला. त्याला वाचायला काय द्यायला हवं होतं? ‘सकारात्मक विचार करा’?

आता प्रेरणादायी पुस्तकांच्या बाजूने जे खरं आहे ते मान्य करू, आणि ते थोडंथोडकं नाही. पहिली गोष्ट, ती वाचली जातात. शाळेनंतर ज्याने एकही पुस्तक पुरं केलं नाही असा मुलगा पहिल्यांदा शेवटच्या पानापर्यंत जातो तो बहुतेक वेळा अशाच पुस्तकात, आणि हे नाकारणारा ग्रंथपाल स्वतःचीच देवघेव नोंदवही वाचत नसावा. दुसरी, भाषा सोपी, प्रकरणं छोटी, दिवसभर काम करून आलेल्या माणसाला झेपतील अशी. तिसरी, काही मोजक्या कामांत त्यांचा उपयोग रोकडा असतो. मुलाखतीला कसं बसावं, पगारातला पहिला हप्ता कुठे ठेवावा, एक सवय लावायची तर ती आधीच अंगवळणी पडलेल्या कामाला कशी जोडावी, हे सगळं सांगून शिकवता येतं. आणि चौथी, सगळ्यांत बोचरी: मराठी साहित्याचे कैवारी ज्या कादंबऱ्या पुढे करतात त्यांतल्या बऱ्याच एका विशिष्ट माजघरातल्या आहेत. कुळवाडी, भंडारी, गाबित, महार वस्तीतल्या पोराला त्यांत आपलं घर सापडत नाही, सापडलंच तर परसदारी. त्याला त्या वाचायच्या नसतील तर तो अडाणी ठरत नाही.

इतकं देऊनही मूळ अडचण राहतेच. ही पुस्तकं गृहीत धरतात की निर्णय वाचणाऱ्याचा एकट्याचा आहे. ‘नाही म्हणायला शिका’ असं एक प्रकरण असतं. समाईक घरात सासऱ्यांना नाही म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी काय होतं, ते पुढच्या प्रकरणात नसतं. ‘पहाटेचा एक तास स्वतःसाठी ठेवा’ हे वाचणारी बाई आधीच पाचला उठलेली असते. पाणी भरून, भाकऱ्या थापून, मुलांना एसटीला लावून तिला एक तास काढायचा तर तिच्या कामांतलं एखादं दुसऱ्या कुणीतरी अंगावर घ्यायला हवं. कोण घेणार? पुस्तक गप्प. ‘जोखीम पत्करा’ म्हणणारा लेखक हे सांगत नाही की वडिलांनी आंब्याच्या कलमांवर कर्ज काढलेलं असेल तर ती जोखीम वडिलांची असते. सल्ला खोटा नसतो, अर्धा असतो. आणि अर्धा सल्ला अमलात आणून फसलेला माणूस दोष सल्ल्याला देत नाही, स्वतःला देतो. आपणच कमी पडलो म्हणून त्याच जातीचं दुसरं पुस्तक घेऊन जातो.

गंमत म्हणजे या प्रकाराचा उगम असा नव्हता. सॅम्युअल स्माइल्सचं ‘सेल्फ-हेल्प’ १८५९ साली इंग्लंडात निघालं, त्याचं मूळ लीड्समधल्या तरुण कामगारांपुढे दिलेल्या व्याख्यानांत आहे. ते उघडलं तर आत नियम थोडे आणि माणसं फार. कुंभार, कारागीर, यंत्रं जुळवणारे, एकामागून एक चरित्रं. फ्रान्सचा बर्नार पालिसी मातीच्या भांड्यांवरची झिलई शोधता शोधता भट्टीला लाकडं पुरेनात म्हणून घरातलं सामान जाळतो, ही गोष्ट त्यात आहे. त्याची बायको-मुलं ‘याला वेड लागलं’ म्हणून ओरडत गावात धावली, हेही आहे. पण ओझरतं. स्माइल्सचं सगळं लक्ष पालिसीच्या चिकाटीवर. पुढच्या दीडशे वर्षांत चरित्रं आखडत आखडत परिच्छेदाएवढी झाली, बायको-मुलं पार गळाली, चिकाटी तेवढी उरली आणि तिला क्रमांक देऊन सात-दहा नियम झाले. मला विचाराल तर त्या प्रकरणातलं सर्वांत उपयोगी वाक्य बायकोचंच होतं.

आपल्याकडे अशी बायको लिहिती झालेली आहे, आणि ती कोकणातलीच आहे. मुरुडचे धोंडो केशव कर्वे यांचं ‘आत्मवृत्त’ १९१५ सालचं. परीक्षेसाठी मुरुडहून साताऱ्यापर्यंत शंभराहून जास्त मैल पायी गेलेला आणि ‘वयाने लहान दिसतोस’ म्हणून परत पाठवला गेलेला मुलगा त्यात भेटतो. निकालानंतर खचलेल्या पोराला द्यायला याहून चांगला मजकूर मिळणार नाही, कारण कर्वे त्यावर एकही फुशारकी मारत नाहीत. पुढे १८९३ साली त्यांनी देवरुखच्या गोदूबाईंशी पुनर्विवाह केला आणि मुरुड गावाने बहिष्कार टाकला. त्याची झळ गावात राहणाऱ्या घरच्यांना बसली. इथवर हा एका थोर माणसाच्या निर्धाराचा ग्रंथ आहे. पण त्याच्या जोडीला गोदूबाईंचं, म्हणजे आनंदीबाई कर्व्यांचं ‘माझे पुराण’ वाचायला घ्यावं. ते १९४४ सालचं. आठव्या वर्षी विधवा झालेली ही मुलगी, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी. नवऱ्याने विधवांच्या शिक्षणसंस्थेला वाहून घेतल्यावर घरात पैशाची ओढाताण कशी चाले, कुणाची समजूत कशी काढावी लागे, रागही कसा येई, हे त्या आडपडदा न ठेवता सांगतात. पहिल्या पुस्तकात ध्येय आहे, दुसऱ्यात त्याचं बिल. दोन्ही एकाच घरातली, एकाच काळाबद्दलची. ज्याला नोकरी सोडून काहीतरी मोठं करायचंय त्याला पहिलं, आणि त्याच्या घरच्यांना दुसरं, असंही देता येईल. पण खरं तर त्यालाच दोन्ही द्यावीत, आणि दुसरं आधी.

गोदूबाईंची सख्खी बहीण पार्वतीबाई आठवले. विशीतच वैधव्य, पदरी मूल. पुढे कर्व्यांच्या हिंगण्याच्या विधवाश्रमासाठी गावोगाव वर्गणी गोळा करत हिंडल्या, आणि चाळिशी उलटल्यावर इंग्रजी शिकायचं म्हणून अमेरिकेला गेल्या, तिथे लोकांच्या घरी घरकाम केलं. ‘माझी कहाणी’ नावाचं त्यांचं आत्मचरित्र आहे. चाळिशीनंतर नवं काही शिकता येतं का, या प्रश्नावर अमक्या-तमक्या कंपनीच्या मालकाची गोष्ट सांगण्याची आपल्याला गरजच काय?

आणि माजघराबाहेरचं म्हणाल तर उर्मिला पवारांचं ‘आयदान’ आहे, २००३ सालचं. रत्नागिरीजवळच्या फणसवळ्याची दलित मुलगी. आई बांबूच्या टोपल्या-सुपं विणते, मुलगी ती घरोघर पोचवते, पैसे वरून टाकलेले घेते. मग शाळा, लग्न, मुंबई, सरकारी नोकरी, संसार सांभाळून एम.ए., बायकांच्या चळवळीत शिरणं आणि तरुण मुलाचा मृत्यू. चार-पाच मोठी स्थित्यंतरं एका पुस्तकात, आणि त्यांतलं एकही ‘मी करून दाखवलं’ या थाटात नाही. शिकलेल्या बायकोचा नवऱ्याला आधी अभिमान वाटतो आणि मग तेच शिक्षण त्याला कसं टोचू लागतं, हे त्यात ज्या बारकाईने येतं ते लग्न ठरलेल्या मुलीइतकंच मुलानेही वाचावं. परसदारी उभं राहून लिहिलेलं हे पुस्तक पुढच्या दारातल्यांनाही घराचा नकाशा दाखवतं.

आता दुसऱ्या बाजूकडे वळतो, कारण ‘कादंबऱ्या घ्या’ म्हणणारेही तितकेच ढिसाळ बोलतात. कादंबरी आहे म्हणजे ती कुठल्याही वेळी कुणालाही द्यावी असं नाही. श्री. ना. पेंडशांची ‘रथचक्र’ थोर आहे, १९६३ चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला. मुलांच्या शिक्षणासाठी एकत्र कुटुंबाचं घर सोडणारी बाई त्यांनी जशी उभी केली तशी क्वचितच कुणी केली असेल. पण तिचा शेवट अंगावर येणारा आहे. नुकतीच घर सोडून तालुक्याच्या गावी खोली घेऊन राहिलेल्या बाईला ती पहिल्याच महिन्यात देणारा ग्रंथपाल वाचक तोडतो. तिला आधी लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ द्यावी. नवऱ्याने धर्म बदलला, जग उलटंपालटं झालं, आणि तरी ही बाई हसायला विसरत नाही. ‘रथचक्र’ वर्षाने, बस्तान बसल्यावर. तेव्हा तीच कादंबरी वेगळी वाचली जाते.

तसंच परतणाऱ्यांचं. साठीत गावी आलेला चाकरमानी जयवंत दळवींचं ‘सारे प्रवासी घडीचे’ मागतो, आरवलीतल्या त्या विक्षिप्त, लोभस माणसांसाठी. हरकत नाही. पण ते गाव त्याच्या लहानपणाचंही नव्हे, त्याच्याही आधीचं. ते वाचून मनात भरलेल्या गावाशी तो समोरच्या गावाची तुलना करत बसला की सहा महिन्यांत भांडणं सुरू: पूर्वी असं नव्हतं, पूर्वी पायवाट इथून जायची. अशांना पेंडशांचीच ‘तुंबाडचे खोत’ बरी. दोन जाडजूड खंड, पावसाळा पुरतो, आणि पिढ्यामागून पिढ्या एका घराण्याचा तोरा कसा उतरत जातो ते दिसतं. १९४८ चा कूळकायदा, १९४९ चा खोती निर्मूलनाचा कायदा, यांनी कोकणातल्या हजारो घरांचं काल आणि आज असं विभाजन केलं. कुणाचं गेलं, कुणाला मिळालं. गाव कधीच एका जागी उभं नव्हतं, हे पटायला असली चौदाशे-पंधराशे पानांची घसरण कामी येते.

पुस्तकांनी कुणाचं आयुष्य सावरत नाही, असंही एक मत हल्ली ठसक्यात मांडलं जातं. हे म्हणणारे आपल्याच घरातली चाल विसरतात. माणूस गेल्यावर दहा-बारा दिवस गरुडपुराण लावायचं, श्रावणात नवनाथ किंवा हरिविजय, शिवलीलामृताचा अकरावा अध्याय. प्रसंगाला ग्रंथ नेमून देण्याची पद्धत इथे किती जुनी आहे! गरुडपुराणातली नरकाची वर्णनं ऐकून कुणाचं सांत्वन होत असेल असं मला वाटत नाही. सांत्वन होतं ते त्या बैठकीने. ठरलेली वेळ, रोजचा ठरलेला भाग, एकजण वाचतोय आणि शेजारपाजारचे भिंतीला टेकून ऐकताहेत, मध्येच कुणीतरी गेलेल्या माणसाची आठवण काढतं, वाचणारा थांबतो. दुःखातल्या माणसाला दहा दिवस एकटं सोडायचं नाही, ही ती व्यवस्था. यातून घेण्यासारखं ते हे, की कठीण काळात पुस्तक थोडं-थोडं, मोठ्याने आणि दुसऱ्याच्या सोबत वाचलं की टिकतं. रोज दहा-बारा पानं पुरेत. रात्री अंथरुणात एकट्याने पन्नास पानं रेटली की सकाळी त्यातलं काही उरत नाही. आणि पहिल्या दीड-दोन महिन्यांत दुःखावरचं पुस्तक देऊच नये; डोळे ओळीवरून फिरतात, आत काही जात नाही, आणि ते पुस्तक कायमचं त्या दिवसांशी चिकटतं.

त्याच दिवसांत मात्र एक दुसऱ्या जातीचं पुस्तक लागतं, ज्याला कुणी पुस्तकच म्हणत नाही. वडील गेल्यावर वारस नोंदीसाठी तलाठ्याकडे तीन महिन्यांच्या आत अर्ज द्यायचा असतो. मृत्यूचा दाखला, वारसांची नावं-वयं-पत्ते असलेलं प्रतिज्ञापत्र, सातबारा आणि आठ-अ चे उतारे. नोंद आधी गाव नमुना सहा-क मध्ये, वारस कायम झाल्यावर फेरफार, संबंधितांना नोटीस, हरकतीला पंधरा दिवस, मग मंडळ अधिकाऱ्याची मंजुरी. चुकतं कुठे? बहुतेक ठिकाणी एकच: लग्न झालेल्या बहिणींची नावं गाळली जातात, किंवा तेराव्यानंतर लगेच त्यांच्यापुढे हक्कसोडपत्राचा कागद येतो. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने वडिलार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला. दुरुस्ती लागू झाली त्या तारखेला वडील हयात असण्याची अट नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. हक्कसोड करायची की नाही हा तिचा प्रश्न. पण ती नोंदणीकृत लागते आणि सहज मागे घेता येत नाही, एवढं सहीच्या आधी तिला ठाऊक असायला हवं. आणि नेमक्या याच आठवड्यात तिच्या हातात ‘सोडून द्यायला शिका’ सांगणारं एखादं गुळगुळीत पुस्तक असतं. मन हलकं करायला तो उपदेश ठीक. सातबाऱ्याला तो लावू नये. म्हणून महसूल आणि वारसाहक्कावरची सोप्या मराठीतली मार्गदर्शिका मी कायद्याच्या कपाटात ठेवणार नाही, शोकावरच्या पुस्तकांच्या शेजारी ठेवीन. कायदे बदलतात, तेव्हा आवृत्ती किती जुनी आहे ते मात्र दरवर्षी बघावं.

एक आक्षेप राहतो आणि त्याला माझ्याकडे पुस्तकातलं उत्तर नाही. झोप उडालेली, जेवण सुटलेलं, जगण्यात अर्थ नाही असं बोलून दाखवणारं माणूस पुस्तक मागायला आलं तर ती वेळ पुस्तकाची नाही. अशांना टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक द्यावा. रत्नागिरीत तर प्रादेशिक मनोरुग्णालयच आहे, आणि तिथली पायरी चढण्याची लाज अजून गेलेली नाही ही आपली जुनी खोड. या यादीतल्या प्रत्येक पुस्तकाच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला तो क्रमांक चिकटवून ठेवायला खर्च येतो कागदाच्या एका चिठ्ठीचा.

मग यादी करायची कशी? कथा, कादंबरी, चरित्र, प्रेरणादायी हे रकाने दप्तरासाठी राहू द्यावेत. वाचकासाठी दारातल्या फळ्यावर प्रसंगांची नावं असावीत: घर सोडताना, लग्नाच्या आधी, बाळंतपणानंतर, नोकरी गेल्यावर, कुणी गेल्यावर, गावी परतल्यावर. प्रत्येकाखाली तीनच पुस्तकं. जास्त दिली की वाचक गोंधळतो आणि सगळ्यांत बारीक ते उचलतो. तिन्हींत एक तरी स्वतःच्या आयुष्याचं असावं आणि एक कामाच्या माहितीचं. प्रेरणादायी पुस्तकालाही जागा आहे, पण सवय किंवा पैसा असल्या नेमक्या विषयाचं असेल तरच. या पुस्तकांना सात-पंधरा दिवसांची मुदत आणि दंड लावणं हा शुद्ध वेडेपणा आहे; दोन महिने द्यावेत, आणि म्हणूनच प्रती दोन-दोन लागतात. पावसाळ्यात ती भिंतीला टेकून ठेवू नयेत, कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढावं. जुलैत बुरशी धरलेलं ‘आयदान’ ऑगस्टमध्ये कुणी घरी नेत नाही.

आणि खरेदी मार्चमध्ये करू नये. अनुदानाचं वर्ष संपत आलं की वितरक टेम्पोतून सवलतीचे संच घेऊन येतात, हिशेब मिटवायची घाई असते, आणि मग यादी वाचनालयाची राहत नाही, वितरकाची होते. प्रेरणादायी पुस्तकांनी भरलेली निम्मी कपाटं अशीच भरलेली आहेत, वाचकांच्या मागणीने नव्हे. रत्नागिरीत १८२८ पासून वाचनालय आहे. पुस्तक निवडण्याचा इतका जुना सराव असलेल्या मुलखाने ते काम टेम्पोवाल्यावर सोपवावं, हे काही बरं नाही. यादी गणपतीत करावी. तेव्हा गेलेले, परतलेले, जायच्या तयारीत असलेले, सगळे चार-पाच दिवस गावातच असतात. आरतीनंतर एक वही फिरवावी आणि प्रत्येकाला एवढंच विचारावं, की अडचणीच्या काळात कुठलं पुस्तक पुरं वाचलं, आणि कुठलं अर्ध्यात टाकलं. दुसऱ्या रकान्यात जी नावं येतील ती पहिल्याइतकीच उपयोगी.